क्यूब फेल आले. क्लायंटला लगेच कळवायचं, की आधी खात्री करायची?

धागाकर्ता, वडोदरा
वाघोडिया रोडवरची साइट. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब एम-25 काँक्रीटचा. शुक्रवारी त्याच काँक्रीटच्या नमुना-ठोकळ्यांचा (क्यूब) 28 दिवसांचा ताकदीचा रिपोर्ट हातात आला: 18.5, 19 आणि 20. हवे होते 25 (न्यूटन प्रति चौ. मिमी). सोमवारी त्याच स्लॅबचं बिल लावायचं होतं. साहेब म्हणाले, "स्लॅबमधूनच नमुने (कोअर) कापून बघू, तोवर हा कागद फाइलला लावू नकोस." मी प्रोजेक्ट मॅनेजर, संध्याकाळीच क्लायंटला मेल केला. बिल अडकलं, वरच्या कॉलमचं काम थांबलं. माझं चुकलं का?

दांडियाबाजारकर
चुकलं. क्यूब म्हणजे स्लॅब नव्हे. साच्यात नीट ठोकला नाही, पाण्यात बुडवून ठेवायच्या ऐवजी उन्हात पडला, की आकडा घसरतोच. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्ये, कोअरची सोय त्यासाठीच आहे: किमान 3 कोअर, सरासरी हव्या त्या ताकदीच्या 85 टक्क्यांवर, एकही 75 च्या खाली नको. एम-25 ला सरासरी 21.25 आली तरी स्लॅब पास. चार दिवस थांबायचं होतं. दाहोदहून आलेल्या सेंटरिंगवाल्यांची मजुरी त्याच बिलातून निघते. प्रोजेक्ट मॅनेजरांच्या पीएमआय या संस्थेच्या आचारसंहितेत प्रामाणिकपणाइतकीच न्याय्यताही आहे.

क्वालिटीवाली
काका, कोअर काढा, कोण नको म्हणतंय? पण त्या चार दिवसांत सोमवार येत होता. आकडा खिशात ठेवून पैसे मागायचे, आणि त्याच स्लॅबवर कॉलम चढवायचे? क्यूब नीट भरला नसेल तर तीही आपलीच चूक, तीही सांगायची. "रिपोर्ट कमी आलाय, वरचं काम थांबवलंय, कोअर काढतोय" असं एका दमात कळवलं की क्लायंट बिथरत नाही. बिथरतो तो महिन्याभराने दुसऱ्याकडून कळलं की.

दांडियाबाजारकर
बिल लावू नये, हे मान्य. पण साहेबांच्या पाठीमागून मेल? उद्या ऑफिसात कोण विश्वास ठेवेल?

धागाकर्ता
पाठीमागून नाही. केबिनमध्ये उभा राहून सांगितलं, "सर, मी मेल पाठवतोय." ते फोनकडे बघत राहिले. मजुरांचं मात्र तुमचं खरं आहे. शुक्रवारी माझ्या डोक्यात फक्त स्लॅब होता. पहिल्या मजल्याचे क्यूब पास आहेत, तेवढं बिल वेगळं सोडा म्हणून आज क्लायंटकडे मागतोय. कोअर मंगळवारी.

दांडियाबाजारकर
ते बिल आधी सोडवून घ्या. मेलबद्दल माझं मत तेच.