विद्यापीठातल्या मधल्या अधिकाऱ्याने माणसं सांभाळावीत की नियम? (चौघांची चर्चा)

मधली फळी
विभागप्रमुख, परीक्षा विभागाचा सहायक कुलसचिव, कक्षाधिकारी. वरून परिपत्रक येतं, खालून रजेचा अर्ज येतो आणि दोन्हींवर शेरा आपल्यालाच मारायचा असतो. या खुर्चीत बसणाऱ्याने हाताखालच्या माणसाची अडचण मनापासून समजून घेतलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. यात चांगुलपणाचा प्रश्न नाही. त्याशिवाय इथे काम पुढे सरकतच नाही.

आपल्या हातात असतं तरी काय? पगार वर ठरतो, बढती निवड समितीत ठरते. विभागप्रमुखपद तर अनेक विद्यापीठांत आळीपाळीने येतं. आज ज्या सहकाऱ्याला जास्तीचे तास घ्यायला सांगायचे, तोच उद्या आपल्या जागी बसणार. माणसं आपल्याला वेळेवर खरं सांगतात, एवढीच आपली ताकद.

संशोधक एमी एडमंडसन यांचा १९९६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. रुग्णालयातल्या ज्या गटांचं काम चांगलं, तिथे औषधं देताना चुका कमी होत असतील असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तिथेच चुकांची नोंद जास्त सापडली. वरिष्ठ परिचारिकेशी मोकळेपणाने बोलता येत होतं, म्हणून चुका लपवल्या जात नव्हत्या. आता परीक्षा विभाग डोळ्यांसमोर आणा. गुणांच्या तक्त्यात एक ओळ सरकली, तर लिपिकाने ते निकाल जाहीर व्हायच्या आधी येऊन सांगायला हवं. साहेबांचा धाक असेल तर तो गप्प राहील आणि फेरतपासणीचे अर्ज येऊ लागल्यावरच सगळ्यांना कळेल.

निळी शाई
मुद्दा कळला, पण पटला नाही. आपणहून चूक सांगणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असा नियम करा. त्यासाठी साहेबांचं मन मऊ असायची गरज नाही.

समजून घेणं नेहमी समोर बसलेल्या माणसाच्या बाजूने झुकतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅट्सन आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना एका गंभीर आजारी मुलीची मुलाखत ऐकवली आणि तिला मदतीच्या प्रतीक्षा यादीत वर सरकवायचं का, असं विचारलं. तिला काय वाटत असेल याची कल्पना करायला ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातल्या बहुतेकांनी तिला वर नेलं. तिच्याआधी नंबर असलेली मुलं मागे पडतील हे माहीत असूनही. तटस्थपणे ऐकायला सांगितलेल्यांमध्ये हे प्रमाण बरंच कमी होतं.

आपल्या विभागांत हेच चालतं. जो केबिनमध्ये येऊन डोळ्यांत पाणी आणतो, त्याची पर्यवेक्षणाची पाळी रद्द होते. ती पाळी कुणाच्या तरी नावावर चढतेच, आणि ते नाव गप्प बसणाऱ्याचं असतं. लग्न झालेलं नाही म्हणून संध्याकाळचे तास वर्षानुवर्षं एकाच व्यक्तीच्या माथी मारलेले मी पाहिले आहेत. त्या व्यक्तीचे आईवडील आजारी आहेत का, हे कुणी विचारलं नव्हतं.

मधली फळी
तुमच्या उदाहरणात अधिकाऱ्याने एकाचं ऐकलं आणि दुसरीला विचारलंच नाही. हा कमी समजून घेण्याचा दोष आहे. वेळापत्रक लागण्याआधी प्रत्येकाला तोच प्रश्न विचारायचा, सूट दिली तर ती कधीपर्यंत हे लिहायचं, आणि जास्तीच्या पाळ्या कुणी घेतल्या याचा तक्ता सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. इतकं केलं तर गप्प माणूसही दिसतो.

हंगामी
मी कराराने काम करते, म्हणून खालून बोलते. आमचे अधिकारी फार चांगले आहेत, शांतपणे ऐकून घेतात. पण करार वाढणार का, हे विचारलं की "मला कळतंय हो तुमचं" म्हणतात आणि इतके अस्वस्थ होतात की शेवटी मलाच त्यांना धीर द्यावा लागतो. मला धीर नको असतो, तारीख हवी असते. निर्णय त्यांच्या हातात नसेल, तर कुणाच्या हातात आहे आणि फाईल कुठे अडली आहे, ते सांगावं. मग मी दुसरीकडे अर्ज तरी करू शकते.

सहायक कुलसचिव
हंगामीताई, तुमचं म्हणणं मान्य. फक्त मधल्या माणसाचं काय होतं, तेही मांडते. मनात काही असलं तरी चेहरा नोकरीला शोभेल असा ठेवायचा, या कामाला समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली भावनिक श्रम म्हटलं. प्रवेशाच्या दिवसांत पालकांचा राग, कर्मचाऱ्यांचा थकवा आणि वरिष्ठांची घाई एकाच टेबलावर येते. हे श्रम कार्यभारात कुठेच मोजले जात नाहीत. शिवाय विभागात बाई असेल तर सगळे मन मोकळं करायला तिच्याकडेच येतात, मग प्रमुख कुणीही असो. तिचं संशोधन मागे पडतं आणि बढतीच्या वेळी त्याचाच हिशेब होतो. समानुभूतीचा, म्हणजे दुसऱ्याचं मन समजून घेण्याचा, आग्रह धरणाऱ्यांनी हे काम कोण करतं, ते आधी पाहावं.

निळी शाई
मधली फळी, तक्ता आणि मुदत हे नियमच आहेत, म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूला आलात. माझा आक्षेप त्या "विचारायचं" वर आहे. कुणाला मनाच्या आजारावर उपचार चालू असतील, कुणाचं घर मोडत असेल. पाळी बदलून हवी म्हणून त्याने ते साहेबांना का सांगावं? उद्या तेच साहेब त्याचा गोपनीय अहवाल लिहिणार आहेत. प्रत्येकाला कारण न देता ठरावीक वेळा पाळी बदलता आली पाहिजे. माणसाला स्वतःचं दुःख उघडं करायला न लावणं, हाही त्याचा मान राखणंच आहे.

मधली फळी
कारण न देता पाळी बदलण्याचं पूर्ण पटलं. आमच्याकडच्या पुढच्या बैठकीत ठेवतो. पण सगळ्या अडचणी ठरावीक वेळांत बसत नाहीत. प्रबंध जमा करायच्या महिन्यात एखाद्याचं मूल रुग्णालयात असेल, तर तीन वेळा बदल घेऊन झाले म्हणून चौथ्यांदा नाही म्हणायचं का? तिथे कुणीतरी माणसासारखं वागावंच लागेल आणि त्या निर्णयाखाली स्वतःचं नाव लिहावं लागेल.

निळी शाई
लिहा. आणि त्याच कागदावर, वाढलेलं काम कुणाकडे गेलं, तेही लिहा.

हंगामी
ते काम बहुतेक वेळा आमच्याकडे येतं. म्हणून त्या कागदाची एक प्रत आम्हालाही द्या, करार वाढवायच्या अर्जाला जोडता येईल.