नेहासोबत नक्की किती जण येणारेत?

मंदाकाकू: नेहाने लिहिलं, अ‍ॅलेक्स दिवाळीला माझ्याबरोबर सांगलीला येणार, दे आर व्हेजिटेरियन. मी वरच्या खोलीत दोन गाद्या घातल्या, आता म्हणते आई एकच जण आहे. मग दे कशाला लिहायचं गं?

सुधीरकाका: पोरांचं इंग्लिश बिघडलंय वहिनी. एकाला ही नाहीतर शी, दे म्हणजे अनेक, आम्हाला शाळेत हेच शिकवलं

नेहा: काका बिघडलेलं नाहीये. अ‍ॅलेक्स स्वतःला पुरुष मानत नाही आणि बाई पण नाही, नॉन-बायनरी म्हणतात. म्हणून ही-शी च्या जागी दे, देम. इथे टोरांटोला बरेच जण ईमेलमध्ये नावाखालीच लिहितात

सुधीरकाका: अगं पण एका माणसाला आर?

सुनंदाआत्या: सुधीर, तू एका माणसाला यू आर म्हणतोसच की! यू पण आधी अनेकवचनच होतं, एकट्याला दाऊ म्हणायचे, ते मागे पडलं. आणि एकट्यासाठी दे तर १४व्या शतकापासून लिहिलेलं सापडतं, समवन लेफ्ट देअर अंब्रेला, छत्री विसरणारा एकच असतो ना. नॉन-बायनरी माणसासाठीचा अर्थ मेरियम-वेबस्टर डिक्शनरीने २०१९ मध्ये घातला आणि त्या वर्षीचा शब्द म्हणून दे च निवडला. मी वर्गात एव्हरीवन शुड ब्रिंग देअर बुक असं कुणी लिहिलं की लाल शाईने देअर खोडून हिज करायचे, अर्धा वर्ग मुलींचा असायचा, आज त्याचं फार वाईट वाटतं. आणि आपण अप्पा आले, अप्पा जेवले म्हणतो तेव्हा अप्पा किती असतात?

मंदाकाकू: हे पटलं ताई. मग मी मराठीत अ‍ॅलेक्स आले, ते बसले असंच म्हणू का?

सुनंदाआत्या: नको गं, ते बसले म्हटलं की ऐकणाऱ्याला पुरुषच वाटणार, बाईला आपण त्या बसल्या म्हणतो. आणि ते बसलं हे लेकराला ठीक, मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय नको.

नेहा: मी तुमच्याशी फोनवर बोलताना सरळ नाव घेते. अ‍ॅलेक्सला पोहे आवडतात, अ‍ॅलेक्सने चहा घेतला, अ‍ॅलेक्सचं सामान आलं. ला, ने, चं लागलं की क्रियापद माणसाकडे बघतच नाही, चहा घेतला तो चहामुळे, अ‍ॅलेक्समुळे नाही. अडतं ते आला-आली, येतो-येते अशा ठिकाणी, मग अ‍ॅलेक्स आला-आली च्या जागी मी फ्लाइट उतरली म्हणते 🙂

मंदाकाकू: अय्या खरंच की! आणि समोर अहोजाहो केलं तर तुम्ही जेवलात का, यात पण काहीच कळत नाही

सुधीरकाका: माझ्या तोंडून चुकून ही निघालं तर? मला खरंच मन दुखवायचं नाहीये त्या पाहुण्याचं

नेहा: काका सॉरी, दे म्हणायचं आणि पुढे बोलत राहायचं. मी सुरुवातीला सारखी चुकायचे आणि प्रत्येक वेळी इतकी माफी मागायचे की शेवटी अ‍ॅलेक्सलाच माझी समजूत काढावी लागायची

सुधीरकाका: बरं. दे आर, दे आर. म्हणत राहतो

मंदाकाकू: एक गादी उचलते. नेहा, चकल्या उद्या करायला घेतेय, अ‍ॅलेक्सला तिखट चालतं का?