मदत हवी आहे: देणगीदारांची यादी चढवली तर मराठी नावांच्या जागी नुसतं ?????

अमळनेरकर_०५: संस्थेची देणगीदारांची यादी एक्सेलमध्ये आहे. देणगीदारांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरला इम्पोर्ट केली तर मराठी नावांच्या जागी ????? येतंय. इंग्रजी नावं बरोबर. देणग्यांचं विवरण भरायची ३१ मे डोक्यावर आलीये, अध्यक्ष रोज विचारतात. लवकर सांगा.

तापीकाठ: कोनतं सॉफ्टवेअर शे ते तं सांग ना भो.

अमळनेरकर_०५: ओपन सोर्सवालं. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसमध्ये बसतं ते.

सातपुडा_डेव्ह: म्हणजे सिव्हीसीआरएम. फाइल कशी सेव्ह केली? नुसती 'सीएसव्ही' (स्वल्पविरामांची साधी फाइल) की 'सीएसव्ही यूटीएफ-८', म्हणजे मराठी अक्षरं टिकवणारी?

केळीबाग_रावेर: त्यापेक्षा सुटसीआरएम हे सॉफ्टवेअर घ्या डोळे मिटून. २०१३ पासून आहे, शुगरसीआरएम नावाच्या आधीच्या सॉफ्टवेअरमधूनच फुटलेलं. आमच्या सगळ्या व्यापाऱ्यांचा पाठपुरावा त्यातच.

सातपुडा_डेव्ह: भाऊ, ते विक्रीवाल्यांचं. यांना देणगी, पावती, सभासदत्व लागतं. सिव्हीत ते तयार मिळतं. एका घरातल्या चौघांसाठी 'हाउसहोल्ड'सुद्धा आहे.

केळीबाग_रावेर: सुटमध्ये त्यासाठी वेगळा भाग, मॉड्यूल, बनवता येतं.

सातपुडा_डेव्ह: ३१ मेच्या आत?

करकाका_धुळे: उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर व्यापाऱ्याच्या बिलावर एचएसएनचे (जीएसटीतल्या मालाच्या कोडचे) ४ अंक पुरतात.

तापीकाठ: काका, जीएसटीचं कुणी विचारलं?

करकाका_धुळे: बरं, मग ३१ मेचं ऐका. सॉफ्टवेअरची पावती म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारं ८०जीचं प्रमाणपत्र नव्हे. आयकर पोर्टलवर देणग्यांचं विवरण, म्हणजे फॉर्म १०बीडी, भरा, मग तिथूनच ते प्रमाणपत्र, म्हणजे १०बीई, निघतं. उशीर झाला तर रोजचे २०० रुपये. पॅन गोळा केलेत का?

अमळनेरकर_०५: पॅनचं नंतर बघू. सेव्ह नुसतं सीएसव्ही केलं होतं. तीच फाइल उघडून यूटीएफ-८ केली, तरी ?????

सातपुडा_डेव्ह: त्या फाइलीत नावं उरलीच नाहीत, प्रश्नचिन्हंच सेव्ह झालीत. मूळ एक्सेलवरून नवी काढा. मोबाइलचा रकाना रुंद करून बघा, ९.४२ई+०९ दिसत असेल तर आधी नंबर फॉरमॅट करा, नाहीतर सीएसव्हीत तसंच उतरेल. आधी दहाच ओळी चढवा. मागच्या इम्पोर्टला ग्रुप दिला होता का? असेल तर तेवढेच निवडून उडवता येतील.

अमळनेरकर_०५: ग्रुप होता, उडवले. नवी यादी बरोबर आली! पण जुन्या शीटमधली नावं इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतायत. एक्सेलमध्ये तर छान मराठी आहे.

सातपुडा_डेव्ह: त्या शीटचा फॉन्ट कोणता?

अमळनेरकर_०५: श्रीलिपीचा काहीतरी.

सातपुडा_डेव्ह: हे आधी सांगायचं ना! तो युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत) नाही. आत इंग्रजी अक्षरंच आहेत, फॉन्टमुळे मराठी दिसतात. युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा, आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, रफार हमखास घसरतो.

केळीबाग_रावेर: सुटमध्ये हा प्रॉब्लेमच येत नाही.

तापीकाठ: तुमची यादी इंग्रजीत असेल.

केळीबाग_रावेर: हो. मग?