सातपुड्यातून बोन्सायसाठी झाड आणायचं आहे, कोणतं आणू?

केळीवाला_फैजपूर
राम राम मंडळी. नर्सरीतल्या रोपांवर बोन्साय शिकतोय, पण पेन्सिलीएवढं खोड जाड व्हायला किती वर्षं जातील ते दिसतंच आहे. जपानमध्ये डोंगरातलं जुनं, खुरटलेलं झाड खणून आणतात, त्याला यामादोरी म्हणतात असं वाचलं. आमच्या उशाला सातपुडाच आहे. पाल गावाकडे अंजन, सालई, धावडा भरपूर. पाऊस पडला की एखादं आणावं म्हणतो. नवशिक्याने कोणतं निवडावं? परवानगी लागते का?

धुळेकर
जंगलमा जावानी काई गरज नही भाऊ. बांध पहा, कुंपण पहा. घाणेरी नाहीतर विलायती चिंच घ्या आणि सुरुवात करा.

गिरणाकाठ
दादा, आधी परवानगीचं सांगतो. पालचा परिसर यावल अभयारण्यात येतो. तिथे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू आहे. तिथून काही काढायची परवानगी वन्यजीवांच्या हितासाठीच मिळते, आपल्या कुंडीसाठी नाही. बाकीच्या राखीव वनातही १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे झाडाचं पानसुद्धा वनोपजात मोडतं. त्यामुळे सातपुडा डोळ्यांनी बघायचा. खडकावरचं झाड कसं वाकतं, कुठली फांदी वाळते, ते बघून वहीत काढा. फार कामाला येतं.

आणि अंजन तर नकोच. वर हातभर रोप दिसतं, पण सोटमूळ खडकाच्या फटीत पार खोल गेलेलं असतं. खणताना ते तुटतं आणि वर तंतुमुळं जवळजवळ नसतातच. असं झाड कुंडीत जगवणं मुरलेल्या माणसालाही अवघड.

माझं मत विचाराल तर आपल्याकडे सगळ्यात चांगलं खोड डाळिंबाचं. साक्रीकडे आणि खाली सटाणा-मालेगावात जुन्या बागा उपटतात, तेव्हा खोडं बांधावर सरपणासाठी पडलेली असतात. शेतकऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर तो आनंदाने देतो. जेसीबी यायच्या आधी आपण हाताने खणायचं. आपल्याकडे बुंध्यापासून तीन-चार खोडं ठेवायची पद्धत आहे, त्यामुळे एकाच झाडात छोटी राई मिळते. खोडाला पीळ असतो, साल खडबडीत असते, जागोजागी जुन्या छाटणीच्या गाठी असतात. हे रूप कुंडीत तयार करायला अर्धं आयुष्य जातं.

एक गोष्ट मात्र नक्की तपासा. बाग कशामुळे काढली ते विचारा. मर रोगाने गेलेली असेल तर घेऊ नका. खोड आडवं कापलं की आत तपकिरी-करडे डाग दिसतात, ती खूण. अशा झाडाची माती चपलेलाही लावून आणायची नाही.

सोनगीर_रोपवाटिका
वरच्याशी सहमत. खणायची वेळ सांगतो. वड, उंबर, पिंपळ, विलायती चिंच यांना पाऊस नीट बसल्यावर हात लावा. मृगाच्या पहिल्या सरीवर भरवसा ठेवू नका, नंतर उघडीप पडली की खान्देशातलं ऊन झाड वाळवून टाकतं. डाळिंब माघ-फाल्गुनात, नवी पालवी फुटायच्या आत काढलं तरी चालतं, फक्त पुढचा उन्हाळा सावलीत काढावा लागेल.

खोडापासून वीतभर लांब गोल चर खणा. जाड मुळं करवतीने कापा, कुदळीने ठेचू नका. बारीक मुळं जपा, ती लगेच ओल्या गोणपाटात गुंडाळा. वरच्या फांद्याही तेवढ्याच कमी करा. मोठ्या जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, या प्रमाणात लागेल तेवढीच करा. चीक येणाऱ्या झाडाचा चीक आधी सुकू द्या.

केळीवाला_फैजपूर
मनापासून आभार. माती कोणती? आमच्याकडे सगळी काळी कसदार आहे.

सोनगीर_रोपवाटिका
काळी माती केळीला सोनं, पण कुंडीत नको. ओली झाली की पाणी धरून बसते, सुकली की भेगाळते आणि कोवळी मुळं तोडते. विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, नदीची जाड वाळू आणि थोडं कुजलेलं पानखत घ्या. चाळणीने धूळ काढून टाका. भोकं पाडलेला टब किंवा क्रेट वापरा, बोन्सायचा ट्रे आत्ता नको. झाड हलणार नाही असं दोरीने बांधा. हललं की नवी मुळं तुटतात.

गिरणाकाठ
यात एक भर. पंधरा-वीस दिवसांत फुटवे येतील, ते बघून झाड लागलं असं समजू नका. तो फुटवा खोडात साठलेल्या अन्नावर येतो. मुळं नसतील तर ऑक्टोबरच्या उन्हात तोच फुटवा मान टाकतो. म्हणून दिवाळीपर्यंत ग्रीन नेटखालीच ठेवा. खत नाही, फांद्या वळवायला तार नाही, उपटून मुळं बघणं तर अजिबात नाही. शंका आली तर नखाने साल जराशी खरवडा, आत हिरवं असेल तर वाट बघा.

पाचोरा_ताई
खणण्यापेक्षा गुटी कलमाचा विचार करा ना. वडाची अंगठ्याएवढी जाड, छान वळलेली फांदी निवडायची. बोटभर रुंदीची साल गोल काढायची, ओलं शेवाळ लावून प्लॅस्टिक घट्ट बांधायचं. पावसाळ्यात मुळं धरतात, मग खालून कापायची. मूळ झाडही जागेवर राहतं.

केळीवाला_फैजपूर
हे छानच आहे ताई. शेवटचं विचारतो, आमच्या जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवलाय, तसाही तो काढायचाच आहे. तो चालेल का?

धुळेकर
चालेल नाही, तोच घ्या पहिला. वाडा तुमचा आहे, हरकत घ्यायला कोणी नाही. ओढू नका, छिन्नीने दोन विटा मोकळ्या करा आणि चपटं झालेलं मूळ अख्खं बाहेर काढा. तेच पुढे दगडावर बसवता येईल. आषाढात काढा. भिंत मात्र त्याच दिवशी चुन्याने बुजवून घ्या, नाहीतर पावसाचं पाणी आत शिरेल.