पंतप्रधानांच्या टेबलावरचा सकाळचा कागद: एकच ठाम निष्कर्ष, की मतभेदासह?

पंचगंगाकाठ:
रविवारी सकाळी शिवाजी विद्यापीठाच्या आवारात फिरायला येणाऱ्या आम्हा पाचसहा जणांत एक वाद झाला आणि तो अर्धवट राहिला, म्हणून इथे सविस्तर मांडतो. प्रश्न असा होता की, देशाच्या शासनप्रमुखासमोर रोज गुप्तवार्तेचा जो गोषवारा ठेवला जातो, त्यात एकच ठाम निष्कर्ष असावा, की तो निष्कर्ष किती भरवशाचा आहे आणि कोणाचे मत वेगळे पडले आहे हेही त्यातच लिहिलेले असावे? माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे.

मी गुप्तवार्ता विभागात कधीही नव्हतो. मात्र एका सरकारी कार्यालयात वरिष्ठांसाठी सकाळचे टिपण तयार करण्याचे काम मी १४ वर्षे केले आणि त्यात एक गोष्ट वारंवार पाहिली. खालून ‘असे ऐकिवात आहे’ म्हणून आलेले वाक्य दुसऱ्या टेबलावर ‘असे समजते’ होते आणि साहेबांपुढे जाईपर्यंत ‘असे आहे’ होते. यात कोणी खोटे बोललेले नसते. प्रत्येकाने फक्त भाषा थोडी नीट केलेली असते. माझ्या हातूनही हे घडले आहे आणि एकदा त्यामुळे एका गावाला विनाकारण दोन दिवस त्रास सोसावा लागला, हे मी विसरलेलो नाही. साध्या टिपणाचे हे होत असेल, तर ज्या कागदावरून युद्धाचे निर्णय होतात त्याचे काय होत असेल, या विचाराने मी या विषयाचे वाचन सुरू केले.

त्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रसंग अमेरिकेतील आहे. १९५१ मध्ये तेथील गुप्तवार्ता मूल्यमापन मंडळाने युगोस्लाव्हियावर सोव्हिएत गोटाकडून हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असे लिहिले. पुढे परराष्ट्र खात्यातील एका अधिकाऱ्याने त्या मंडळातील शर्मन केंट यांना या शब्दांचा नेमका अर्थ विचारला. केंट यांनी आपल्या मनातले प्रमाण ६५ विरुद्ध ३५ असे सांगितले, तेव्हा तो अधिकारी चमकला, कारण त्याने शक्यता बरीच कमी धरली होती. मग केंट यांनी मंडळातील सहकाऱ्यांना विचारले, तर कोणाच्या मनात ८० टक्के होते आणि कोणाच्या मनात २० टक्के. एकाच वाक्याखाली सर्वांनी एकमताने सही केली होती आणि प्रत्यक्षात एकमत नव्हतेच.

आपल्याकडे पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगतात, तेव्हा असा घोळ होत नाही. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे प्रयाग चिखलीच्या आणि आंबेवाडीच्या माणसाला पाठ आहे. ‘पाणी बऱ्यापैकी वाढले आहे’ असे सांगितले असते, तर जनावरे कधी सोडायची हे ज्याने त्याने आपापल्या धाडसाप्रमाणे ठरवले असते. शत्रूच्या मनाला फूटपट्टी लावता येत नाही हे मला मान्य आहे, परंतु अंदाज बांधणाऱ्याचा स्वतःचा भरवसा किती आहे, हे तर त्याला सांगता येते.

दुसरा प्रसंग १९७३ चा. ऑक्टोबरच्या ५ तारखेला इस्रायलच्या लष्करी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख एली झैरा युद्धाची शक्यता कमी असल्याचे सांगत होते आणि ६ तारखेला दुपारी इजिप्त आणि सीरिया या दोघांनी हल्ला केला. इशारे देणाऱ्या खबरा आल्या नव्हत्या असे नाही. अडचण अशी की पंतप्रधान गोल्डा मेयर यांच्यापर्यंत मूल्यमापन पोहोचवणारी वाट मुख्यतः एकच होती आणि त्या वाटेवर एक समज आधीच ठाण मांडून बसला होता: पुरेसे हवाई बळ मिळाल्याशिवाय इजिप्त युद्ध करणार नाही आणि इजिप्तशिवाय सीरिया करणार नाही. चौकशीसाठी नेमलेल्या आग्रानात आयोगाने नंतर इतर संस्थांचीही मूल्यमापन करण्याची क्षमता वाढवावी असे सुचवले, ते याच कारणाने.

म्हणून माझे म्हणणे असे की, निष्कर्ष जरूर एक लिहावा, पण त्याच्या लगेच खाली तो कशाच्या आधारावर आहे, भरवसा किती आहे आणि कोण असहमत आहे, हे लिहिलेच पाहिजे. ते गाळणे म्हणजे वाचणाऱ्याच्या वतीने निर्णय घेऊन टाकणे आहे.

खासबाग:
आपला अनुभव मोलाचा आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी राज्यशास्त्र शिकवतो आणि मला या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक गंभीर वाटते.

शासनप्रमुखाकडे या कागदासाठी थोडा वेळ असतो आणि त्यानंतर दिवसभर त्याला इतर शंभर गोष्टी ठरवायच्या असतात. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यासाठी १७ जून १९६१ पासून जी छोटी पुस्तिका सुरू झाली, तिचे कारण हेच होते. त्यांच्याकडे वेगवेगळ्या खात्यांचे कागद येत, प्रत्येकाचा सूर वेगळा असे आणि त्यातून एकसंध चित्र उभे राहत नसे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्यूबातील मोहीम फसल्यावर ही उणीव फारच जाणवली. म्हणून खिशात मावेल अशी, कार्यालयीन भाषा टाळून लिहिलेली पुस्तिका तयार झाली आणि डिसेंबर १९६४ पासून जॉन्सन यांच्या काळात तिचे आजचे दैनिक गोषवाऱ्याचे रूप आले. पसारा आवरणे हाच या कागदाचा जन्महेतू आहे. आपण सुचवता त्या पद्धतीने तो पसारा पुन्हा त्याच टेबलावर येईल.

दुसरे असे की, संशयाची भाषा नेहमी प्रामाणिकपणातून येत नाही. ती लिहिणाऱ्याची ढालही असते. ज्याने ‘नाकारता येत नाही’ असे लिहिले, तो घटना घडली तरी बरोबर ठरतो आणि न घडली तरी बरोबर ठरतो. याच दैनिक गोषवाऱ्यातील ६ ऑगस्ट २००१ चे टिपण पाहा. बिन लादेन अमेरिकेत हल्ला करण्यास कृतनिश्चय आहे, असा त्याचा मथळा होता. इतका स्पष्ट मथळा असूनही आतील बराचसा मजकूर मागील काही वर्षांत काय कळले होते याचा होता. वाचणाऱ्याने उद्या सकाळी काय समजावे, हे कोणी एका वाक्यात बांधून दिले नव्हते.

आणि आकड्यांविषयी. २०११ मध्ये पाकिस्तानातील अबोटाबादच्या त्या घरात बिन लादेन आहे की नाही, याविषयी ओबामा यांना ४० टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंतचे अंदाज ऐकायला मिळाले. हल्ल्यानंतरच्या मुलाखतीत त्यांनी स्वतःच सांगितले की शेवटी हे प्रकरण ५५ विरुद्ध ४५ असेच होते. इतक्या तज्ज्ञांनी इतके आकडे देऊनही शासनप्रमुखाच्या हाती नाणेफेकीपेक्षा फारसे अधिक काही आले नाही. याला मी मूल्यमापन म्हणू शकत नाही.

रंकाळा:
मला दोघांचेही पटत नाही. गोषवारा हवाच कशाला? चर्चिल यांनी ऑगस्ट १९४० मध्येच लिहून कळवले होते की अहवाल चाळून, पचवून माझ्याकडे पाठवू नका, मूळ कागद दाखवा. जर्मनांचे उकललेले संदेश त्यांच्याकडे पेटीतून जात. १९४१ च्या मार्चअखेरीस जर्मन रणगाड्यांच्या तुकड्या रुमानियातून पोलंडमधील क्राकोकडे, म्हणजे रशियाच्या दिशेने, निघाल्या आणि युगोस्लाव्हियाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये, उठाव होताच परत फिरवल्या गेल्या, एवढ्या एका संदेशावरून त्यांनी हिटलरचे लक्ष्य रशिया आहे हे ओळखले आणि एप्रिलमध्ये स्टालिन यांना तसा इशारा पाठवला. त्यांच्या गुप्तवार्ता समितीचे तोवर तसे मत झालेले नव्हते. मधली माणसे कमी, तर चुकाही कमी.

खासबाग:
रंकाळा, त्याच वर्षीचा त्या इशाऱ्याचा दुसरा वाचकही पाहा. स्टालिन यांच्याकडेही हेरांच्या खबरा थेट जात. १७ जून १९४१ रोजी, म्हणजे हल्ल्याच्या पाच दिवस आधी, जर्मन हवाई मंत्रालयातील हेराकडून आलेला अहवाल त्यांच्यासमोर ठेवला गेला, तेव्हा त्यांनी त्यावर शिवीगाळ करणारा शेरा मारला. कच्ची माहिती वाचणारा आपल्या समजुतीला पटेल तेवढेच उचलतो. चर्चिल बरोबर ठरले म्हणून ती पद्धत बरोबर ठरत नाही.

सैनिक टाकळी:
मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. कारगिलच्या लढाईत मी नव्हतो, परंतु त्या वेळी सेवेत होतो आणि त्यानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील पुनरावलोकन समितीचा अहवाल जितका प्रसिद्ध झाला तितका मी नीट वाचला आहे. आपली चर्चा परदेशातच फिरते आहे, म्हणून आपल्या घरचे दोन दाखले देतो.

पहिला दाखला. जून १९९८ मध्ये गुप्तवार्ता ब्यूरोने सीमेपलीकडील हालचालींविषयी एक पत्र वरिष्ठ पातळीवर पाठवले होते. समितीने नमूद केले की ज्यांचा या माहितीशी सर्वांत जवळचा संबंध होता, त्या तिघांना, म्हणजे रॉचे सचिव, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्ता महासंचालक यांना, ते पाठवलेले नव्हते. म्हणजे कागद वर गेला, पण त्याला दुसऱ्या कागदाशेजारी ठेवून पाहणाऱ्याकडे गेला नाही. रंकाळा यांचे म्हणणे मानले तर हेच रोज होईल.

दुसरा दाखला मला अधिक बोचतो. सप्टेंबर १९९८ अखेरच्या सहामाही मूल्यमापनात रॉने पाकिस्तानकडून मर्यादित, वेगवान आक्रमणाचा धोका असल्याचे म्हटले होते. मार्च १९९९ अखेरच्या सहामाहीत ती गोष्ट उरली नाही. पैशाच्या ओढाताणीमुळे पाकिस्तान असे धाडस करणार नाही, यावर भर आला. सहा महिन्यांत मत बदलणे हा गुन्हा नाही. परंतु खासबाग सर, ज्या अधिकाऱ्याला आधीचे वाक्य बरोबर वाटत होते, त्याचे म्हणणे एका ओळीत तरी त्या कागदावर राहिले असते, तर वाचणाऱ्याने ‘हे का काढले?’ एवढे तरी विचारले असते. त्या डोंगरांवर चढणारी मुले आमच्याच तालुक्यांतली होती, म्हणून हे मी तटस्थपणे लिहू शकत नाही.

करवीर वाचक:
मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. एका मुद्द्याकडे लक्ष वेधते. तीन स्वतंत्र हेरांची खबर जुळली तरच विश्वास ठेवावा, हा नियम कौटिल्याच्या अर्थशास्त्रातच आहे. परंतु इराककडे जैविक शस्त्रे बनवणाऱ्या फिरत्या प्रयोगशाळा आहेत, ही गोष्ट मुख्यतः जर्मनीत आश्रय घेतलेल्या एकाच इराकी माणसाकडून आली होती आणि २००३ च्या इराक युद्धापूर्वी अमेरिकी गुप्तवार्ता यंत्रणेने त्याची स्वतः चौकशीही केली नव्हती. टेबलावर कागद पुष्कळ होते आणि त्यांचे मूळ एक होते. सारांश जितका गुळगुळीत, तितके हे मूळ दिसेनासे होते. ब्रिटनमध्ये जुलै २००४ च्या बटलर अहवालाने हेच दाखवले की तेथील गुप्तवार्ता समितीच्या मूळ मूल्यमापनात इराकविषयीची माहिती तोकडी असल्याच्या ज्या सूचना होत्या, त्या जनतेपुढे ठेवलेल्या दस्तऐवजात आल्या नाहीत. हे निदान तेथे उघड तरी झाले. आपल्याकडे गुप्तवार्ता ब्यूरो काय किंवा रॉ काय, संसदेच्या स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेल्या नाहीत, त्यामुळे असा कागद कसा तयार झाला हे तपासणारी संसदीय समितीही नाही.

खासबाग:
सुभेदारसाहेबांचा दुसरा दाखला मला विचार करायला लावणारा आहे आणि तो मी मान्य करतो. तरीही इराकच्याच प्रकरणातील एक गोष्ट आपल्या सर्वांच्या विरोधात जाते. ऑक्टोबर २००२ च्या अमेरिकी राष्ट्रीय मूल्यमापनात परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाचे वेगळे मत लेखी नोंदवलेले होते. इराक अणुकार्यक्रम पुन्हा उभारत आहे याला पुरेसा पुरावा नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले होते. तरी युद्ध झाले. मग असहमतीची ओळ कागदावर असल्याने काय साधले?

पंचगंगाकाठ:
सर, आपला हा प्रश्न कठीण आहे आणि त्याने माझ्या मताला एक दुरुस्ती करावी लागते. ओळ असणे पुरेसे नाही. ती कोठे आहे हे महत्त्वाचे आहे. ते वेगळे मत मुख्य निष्कर्षांच्या शेवटी आले होते. वाचणाऱ्याचे मन तोवर ठरलेले असते. ज्या वाक्यावर असहमती आहे, त्याच वाक्याखाली ती यावी. आमच्या कार्यालयात ‘सोबत जोडले आहे’ असे लिहिलेली पाने क्वचितच कोणी उलटत असे.

अबोटाबादविषयी मात्र मी आपल्याशी सहमत नाही. ४० आणि ९५ यांच्यामधला फरक ऐकला म्हणूनच ओबामा यांना कळले की घरात तो माणूस नसण्याची शक्यता खरीखुरी आहे आणि तरीही हुकूम द्यायचा, तर तो आपल्या जबाबदारीवर द्यायचा आहे. एखाद्याने त्या आकड्यांची सरासरी काढून ‘बहुधा आहे’ एवढेच लिहिले असते, तर चूक झाल्यास दोष कागदाचा ठरला असता. मात्र नुसते आकडे देऊन थांबणे चूक आहे, हे मान्य. ४० म्हणणाऱ्याने कोणता पुरावा कमकुवत धरला आणि ९५ म्हणणाऱ्याने तोच पक्का का धरला, हे दोन वाक्यांत यायला हवे. नाहीतर केंट यांच्या मंडळासारखेच होईल.

पसाऱ्याची भीतीही खरी आहे. परंतु मी पाच पाने मागत नाही. एक निष्कर्ष, त्याखाली आधार आणि भरवसा, आणि मतभेद असेल तरच तिसरी ओळ. बहुतेक दिवशी ती तिसरी ओळ लागणारही नाही.

खासबाग:
मग ती तिसरी ओळ कोणी लिहायची? गोषवारा तयार करणाराच विरोधकाचे म्हणणे आपल्या शब्दांत लिहिणार असेल, तर आपण सुरुवातीला सांगितलेली भाषा नीट करण्याची खोड तेथेही लागेल.

पंचगंगाकाठ:
ज्याचे मत वेगळे आहे त्यानेच, त्याच्याच शब्दांत, आपल्या विभागाच्या नावासह लिहावी. गोषवारा करणाऱ्याला तिची लांबी कमी करायला सांगण्याचा अधिकार असावा, शब्द बदलण्याचा नसावा.

सैनिक टाकळी:
आणि तो कागद जितक्या वर जाईल, तितकाच ज्यांच्या कामाचा आहे त्यांच्याकडेही त्याच दिवशी जावा, एवढे त्यात जोडा.