अनुभव धागा: चैत्र-वैशाखातलं सेंट जॉर्जेस, ग्रेनेडा

मंडळी, कॅरिबियनमधल्या ग्रेनेडा बेटावरच्या सेंट जॉर्जेस या बंदराच्या गावी एप्रिल-मेमध्ये जाऊन आलेल्यांसाठी हा धागा उघडते आहे. डिसेंबर ते मार्च तिथे पर्यटकांची झुंबड असते. बंदराला मोठाली प्रवासी जहाजं लागतात, हजारो माणसं सकाळी उतरतात आणि संध्याकाळी जातात. एप्रिल सरता सरता जहाजं पांगतात. १ जूनपासून चक्रीवादळांचे महिने धरले जातात. या दोन्हीच्या मधल्या पाच-सहा आठवड्यांत गावाला बोलायला सवड असते, आणि मला ते गाव तसंच आवडलं. हॉटेलांच्या याद्या नकोत, त्या कुठेही मिळतात. काय पाहिलंत, कोण भेटलं, काय खाल्लंत, कुठे अडलं, ते लिहा. सुरुवात मीच करते.

पुणे (धागाकर्ती)

मुलगी तिथल्या वैद्यकीय विद्यापीठात शिकत होती, म्हणून मी एप्रिलअखेर तीन आठवडे राहून आले. बंदर घोड्याच्या नालेसारखं आहे. हे बुडालेल्या ज्वालामुखीचं तोंड आहे असं सांगतात, आणि तिन्ही बाजूंनी उठलेले डोंगर पाहिले की ते पटतं. धक्क्याला कॅरनाज म्हणतात. जुन्या काळी गलबतं इथे कलती करून त्यांचे तळ घासत, त्यावरून हे नाव पडलं. सकाळी सातला मी तिथे जाऊन बसायची. शेजारच्या कॅरियाकू बेटाकडे जाणाऱ्या बोटीत सिमेंटच्या गोण्या, गॅसची सिलिंडरं, अंड्यांचे ट्रे, एकदा तर डबलबेडची गादी चढताना पाहिली. गादीचा मालक शेवटपर्यंत धक्क्यावर उभा होता, भिजू नये म्हणून दर दोन मिनिटांनी ताडपत्री नीट करायला सांगत होता.

शनिवारी मार्केट स्क्वेअरला मोठा बाजार भरतो. पहिल्याच दिवशी मी भाजीवाल्या आजींना थेट विचारलं, "ही जुडी केवढ्याला?" त्या काही बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघून सावकाश म्हणाल्या, "गुड मॉर्निंग." आणि थांबल्या. मी "गुड मॉर्निंग" म्हटल्यावरच भाव सांगितला. नंतर लक्षात आलं, तिथे दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात, कुठेही शिरलं की आधी रामराम घालायचा, मग काम काढायचं. आपल्या गावाकडे होतं तसंच, शहरात राहून मीच विसरले होते.

ती जुडी अळूची होती! ते लोक तिला कॅलालू म्हणतात. आम्ही चिंच घालतो, नाहीतर घसा खाजतो, असं मी सांगितल्यावर आजींनी शेजारणीला बोलावून ते पुन्हा सांगायला लावलं. त्यांचा उपाय एकच, भरपूर शिजवायचं.

मुलीच्या घरमालकीण बाईंनी रविवारी 'ऑइल डाउन' केलं. ग्रेनेडाचं हे राष्ट्रीय पक्वान्न. मोठ्या पातेल्यात तळाशी नीरफणसाच्या जाड फोडी, खारवलेलं मांस, वर गाजर आणि कणकेचे लांबट गोळे, मग अळूची पानं पातेल्यावर पांघरूण घातल्यासारखी. त्यावर हळद कालवलेलं नारळाचं दूध. हळदीला तिथे 'सॅफ्रन' म्हणतात, त्यामुळे मी आधी उगाच दबकले होते. दूध पूर्ण आटून त्याचं तेल तळाशी उतरलं की झालं, म्हणून हे नाव. माझ्यासाठी बाईंनी वेगळ्या पातेल्यात मांसाशिवाय केलं. झाकण काढल्यावर जो वास आला तो फतफत्याचा आणि सोलकढीच्या नारळाचा मिळून होता. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

दापोली तालुका

ताईंनी अळूचं लिहिलंत, मी जायफळाचं लिहितो. आमच्या नारळी-पोफळीच्या बागेत जायफळाची तीसेक झाडं आहेत. पुतण्या न्यूयॉर्कला असतो, त्याने मे महिन्यात ग्रेनेडाला नेलं. मला समुद्राचं अप्रूप नाही, मी गेलो ते जायफळासाठी. ज्या देशाच्या झेंड्यावर जायफळ काढलंय तो देश बघायचाच होता.

त्यांच्याकडे हे झाड आलं ते १८४३ साली, असं सांगतात. पुढे इंडोनेशियाच्या खालोखाल नाव झालं. मग ७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन चक्रीवादळ आलं आणि बहुतेक झाडं उपटून पडली. हे वाचणाऱ्याला एक ओळ वाटेल. बागायतदाराला विचारा. जायफळात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. बी लावलं तर ते काय निघालं हे सहा-सात वर्षांनी फुलल्यावर कळतं. नर निघालं की इतकी वर्षं पाणी घातलेलं झाड तोडायचं नाहीतर त्यावर कलम बांधायचं. म्हणजे आयव्हननंतर ज्याने दुसऱ्या दिवशी रोप लावलं त्यालासुद्धा दहा वर्षं थांबावं लागलं असणार. निसर्ग वादळाने २०२० साली आमच्या बागा झोपवल्या तेव्हा आम्ही हेच हिशेब करत बसलो होतो.

सेंट जॉर्जेसहून ग्वाव गावी बसने गेलो, तिथे जायफळाचं जुनं प्रक्रिया केंद्र आहे. वरच्या मजल्यावर लाकडी फळ्यांच्या खणांत जायफळं वाळत घातलेली. खाली बायका फोडलेल्या बिया हातानेच निवडतात. पाण्यात टाकून पारख करतात, भरीव ती बुडतात, पोकळ ती तरंगतात. गोण्यांवर रंगाने देशांची नावं छापलेली. एका बाईंनी ताजं फळ दोन भाग करून हातावर ठेवलं. आत ती लालभडक जाळी, जायपत्री! मी मोबाईलमध्ये आमच्या बागेतला फोटो दाखवला. त्यांनी तो शेजारच्या बाकावर दिला, तिथून पुढे, असा माझा मोबाईल अर्धं केंद्र फिरून आला.

टरफलाचा ते मुरंबा आणि पाक करतात. आम्ही लोणचं करतो. लोणच्याचं त्यांना नवल वाटलं, कृती कागदावर लिहून दिली. त्यांची मुरंब्याची बाटली आणली, गावात प्रत्येकाला चमचा-चमचा वाटली.

ठाणे, सध्या न्यू जर्सी

सगळं छान-छान लिहिलं जाईल म्हणून गैरसोयही सांगते. एप्रिल-मे म्हणजे तिथल्या कोरड्या ऋतूचा शेवट. डोंगर पिवळे पडलेले असतात आणि पाणी तुटतं. २०२४ च्या मे महिन्यात तर देशभर पाणीटंचाई जाहीर झाली होती. आम्ही त्याच आठवड्यात तिथे होतो. आमच्या राहायच्या जागेच्या मालकांनी आरक्षण करताना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. दोन लहान मुलं आणि नळाला दिवसातून तासभर पाणी. मला फार राग आला होता. पण शेजारच्या घरातल्या काकांनी न मागता आपल्या टाकीचा पाइप भिंतीवरून सोडला आणि मुलांच्या आंघोळी उरकल्या. जाणाऱ्यांनी एकच विचारावं: छपरावर किंवा अंगणात साठवणीची टाकी आहे का, आणि ती केवढी? ठाण्यात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न सुचायला हवा होता.

दुसरं म्हणजे अटलांटिकच्या बाजूच्या किनाऱ्यांवर या दिवसांत सारगॅसम शेवाळाचे ढीग येतात, कुजल्यावर घाण वास सुटतो. ग्राँ आन्सची पुळण गावाच्या बाजूला, पश्चिमेला आहे, तिथे आम्हाला ते लागलं नाही. कधी आकाश दुधी दिसतं, ती सहाराची धूळ. माझ्या धाकट्याला दमा आहे, पंप सोबत होता म्हणून निभावलं.

लंडन

मी गेलो होतो क्रिकेटसाठी, एप्रिल २०१५. वेस्ट इंडीज-इंग्लंड कसोटी. मैदान गावातच आहे, बंदरापासून पायी जाता येतं. रूटच्या नाबाद १८२ नंतरही सामना अनिर्णित राहणार असं चौथ्या रात्री सगळ्यांनी धरलं होतं, वेस्ट इंडीज २ बाद २०२. पाचव्या सकाळी अँडरसन आला, वेस्ट इंडीजचा डाव ३०७ मध्ये आटोपला आणि इंग्लंडने सामना जिंकला. शेजारी बसलेल्या आजोबांनी अख्खा सामना एका वहीत पेन्सिलीने लिहिला होता, चेंडू न् चेंडू. शेवटची धाव निघाल्यावर त्यांनी ती नीट मांडली, खाली रेघ मारली, वही पिशवीत घातली आणि मला भाजलेल्या नीरफणसाची फोड दिली. गावस्करांनी १९७१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला काय केलं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

ब्रॅम्प्टन, कॅनडा

आई वेळासच्या कासव महोत्सवाला दोनदा जाऊन आलेली, म्हणून तिला घेऊन लेव्हेराला गेले. बेटाच्या उत्तर टोकाला आहे, सेंट जॉर्जेसहून डोंगरातून दीड-दोन तास. मार्च ते ऑगस्ट तिथे लेदरबॅक कासविणी अंडी घालायला येतात, एप्रिल ते जून भरात. रात्री परवान्याशिवाय आणि वाटाड्याशिवाय किनाऱ्यावर जाऊ देत नाहीत, ते योग्यच आहे. फक्त लाल दिवा, बोलायचं नाही.

अकरा वाजून गेल्यावर ती आली. वेळासची ऑलिव्ह रिडले जातीची कासवं आईच्या ओंजळीतल्या पिल्लांमुळे मला माहीत होती. ही तर एखाद्या उलट्या घातलेल्या होडीएवढी. पाठीवर कवच नाही, काळी कातडी आणि लांब उभ्या धारा. मागच्या वल्ह्यांनी ती खड्डा खणते ते मी हातभर अंतरावरून पाहिलं. एक वल्हं आत जातं, तळव्यासारखं वळतं, मूठभर वाळू वर आणून बाजूला ठेवतं. तोवर दुसरं आत. एकही दाणा परत आत पडू देत नाही. अंडी घालून झाल्यावर तिने खड्डा बुजवला आणि मग अर्धा तास इकडेतिकडे वाळू उडवत राहिली, कोणाला जागा कळू नये म्हणून. डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते मीठ बाहेर टाकण्यासाठी असतं, हे मला माहीत होतं. आईलाही माहीत होतं. तरी आई हलकेच "झालं गं, झालं" म्हणत होती, बाळंतिणीला म्हणावं तसं.

नागपूर, सध्या त्रिनिदाद

१ मे. आपला महाराष्ट्र दिन. ग्रेनेडात कामगार दिनाची सुट्टी, आणि तोच तिथला भारतीय आगमन दिनही. १ मे १८५७ ला कलकत्त्याहून निघालेलं 'मेडस्टोन' जहाज बेटाच्या उत्तरेला इर्विन्स बे इथे लागलं. करारावर आणलेले मजूर होते, कित्येक जण वाटेतच गेले. पुढच्या काही दशकांत सुमारे ३,२०० माणसं आली. यात आपले मराठी लोक शोधू नका, ही माणसं मुख्यतः बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशाकडची. पण त्या दिवशी मी सेंट जॉर्जेसमध्ये असताना ते सगळं माझ्या अंगावर आलं.

दुकानं बंद, कॅरनाज रिकामा. बस मिळाली ती ग्राँ आन्सकडे जाणारी. चालकाचा चेहरा असा की नागपूरला बर्डीवर भेटला असता तर मी सरळ मराठीत पत्ता विचारला असता. माझं नाव विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, माझ्या पणजीच्या आईला तिचं नाव बोटीवर चढताना लिहिणाऱ्याने जसं ऐकू आलं तसं लिहिलं, आता मूळ काय होतं ते आमच्यात कोणाला ठाऊक नाही. त्याने ते नाव मला दोनदा उच्चारून दाखवलं आणि विचारलं, हे तुमच्याकडे कसं म्हणतात? मी तीन-चार नावं सुचवली. तो प्रत्येक नाव पुटपुटून बघत होता. घरी ते लोक प्रेस्बिटेरियन पंथाचे ख्रिस्ती, भाषा गेलेली, दालपुरी आणि रस्सा मात्र दर रविवारी. उतरताना मी पैसे पुढे केले, त्याने माझी मूठ पैशांसकट बंद करून परत केली.

ग्राँ आन्स (विद्यार्थी होतो, २०१७–१९)

घाईत, कामाचं तेवढं:

लष्करी ठिपक्यांचे कपडे नेऊ नका, लहान मुलांचेसुद्धा. कायद्याने बंदी आहे. पोहायचे कपडे घालून गावात फिरायचं नाही. ईस्टर्न कॅरिबियन डॉलरचा दर अमेरिकी डॉलरला २.७० असा बांधलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा. प्लग इंग्लंडसारखे तीन चौकोनी पिनांचे. बस थांबवायची तर आतून पत्र्यावर टकटक करायची. सेंडॉल बोगद्यातून (१८९४ चा आहे) गाड्या आणि माणसं एकत्रच जातात, भिंतीला चिकटून एका ओळीत चाला. आणि मोलिनियेचं पाण्याखालचं शिल्प-उद्यान चुकवू नका. २००६ पासून आहे. हातात हात घालून गोल उभ्या असलेल्या मुलांच्या मूर्ती, त्यांच्या खांद्यांवर आता प्रवाळ आलंय. कोरड्या महिन्यांत नद्यांचा गाळ कमी, पाणी नितळ असतं.

पुणे (धागाकर्ती)

किती सुंदर लिहिताय सगळे! दापोलीकर काका, लोणच्याची कृती इथेही द्या.

कॅरनाजवरचा हात उंचावलेला ख्रिस्ताचा पुतळा कशासाठी आहे, असं मला दोघांनी विचारलं. २२ ऑक्टोबर १९६१ ला 'बियांका सी' हे इटालियन प्रवासी जहाज बंदराबाहेर उभं असताना त्याच्या इंजिनघरात स्फोट होऊन आग लागली. जहाजावर जवळपास सातशे माणसं होती. गावातल्या होड्या, पडाव, जे तरंगेल ते घेऊन लोक गेले आणि जवळजवळ सगळ्यांना किनाऱ्यावर आणलं, आपापल्या घरी ठेवून घेतलं. जहाज कंपनीने आभार म्हणून तो पुतळा दिला. जहाज अजून तिथेच समुद्रतळाशी आहे.

आमच्या घरमालकीण बाई तेव्हा सात वर्षांच्या होत्या. त्यांच्या आईने दोन इटालियन बहिणींना घरी आणलं होतं. भाषा कळत नव्हती. त्यातली थोरली पुढे कित्येक वर्षं दर नाताळला पत्र पाठवायची. आयव्हनने छप्पर नेलं तेव्हा पत्रांचा डबा रात्रभर पावसात राहिला आणि शाई सगळी उतरली. पाकिटांवरची तिकिटं तेवढी टिकली. मी निघायच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी ती ओट्यावर एकेक करून मांडून मला दाखवली. एकूण एकोणीस होती.