हातमोज्यावरून पळायचं कसं? 'गॉन्टलेट'चा घोळ

प्रश्न : अभ्यासिकावाला, दिग्रस तालुका
गावच्या समाजमंदिरात संध्याकाळी मी अभ्यासिका चालवतो. बारा-तेरा पोरंपोरी येतात, बहुतेक कास्तकारांच्या घरची, भरतीच्या नाहीतर एमपीएससीच्या तयारीतली. काल एका पोरीनं मला अडवलं. 'थ्रो डाउन द गॉन्टलेट' म्हणजे आव्हान देणं, 'रन द गॉन्टलेट' म्हणजे चहूकडून मार खात पुढं जाणं. "सर, गॉन्टलेट म्हणजे चिलखताचा लोखंडी हातमोजा ना? मग त्यावरून पळायचं कसं?" मला उत्तर आलं नाही. आणि 'चिंक इन द आर्मर' म्हणजे चिलखतातली फट, हे मी सांगतो. पण फट राहतेच कायले? तिला अर्धवट सांगायचं नाही मला.

उत्तर : निवृत्त इंग्रजी शिक्षिका, पुसद
पोरगी हुशार आहे. हे दोन वेगळे शब्द आहेत, दिसायला एक झाले.

पहिला खरंच हातमोजा, फ्रेंचमधून आलेला. सरदार तो जमिनीवर टाकायचा. उचलेल त्यानं लढाई पत्करली. इंग्लंडमध्ये राज्याभिषेकाच्या मेजवानीत राजाचा योद्धा घोड्यावरून वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये येऊन मोजा फेकायचा. १८२१ साली चौथ्या जॉर्जच्या वेळी हे शेवटचं झालं.

दुसरा स्वीडिश 'गाटलोप'. गाटा म्हणजे गल्ली, लोप म्हणजे धावणं. ती सैन्यातली शिक्षा: शिपायांच्या दोन रांगांमधून गुन्हेगारानं पळायचं आणि दोन्हीकडून फटके खायचे. सतराव्या शतकात शब्द इंग्रजीत आला आणि ओळखीच्या गॉन्टलेटमध्ये मिसळला.

मुलं 'थ्रो डाउन'ला 'विडा उचलणे' लिहितात, ते उलटं होतं. मोजा टाकणारा स्वतः लढायला उभा असतो, त्याला आपलं 'शड्डू ठोकणे' बसतं. विडा दरबारात ठेवलेला असतो आणि उचलणारा कामगिरी पत्करतो, जसा बखरींत विजापूरला अफझलखानानं उचलला. तो 'टेक अप द गॉन्टलेट'च्या जवळ जातो.

फटीचं असं की पत्रा वाकत नाही. काखेत, कोपराच्या आत, गुडघ्यामागं जागा सोडावीच लागायची. तिथं कड्यांची जाळी लावत, पण बारीक टोकाचा खंजीर तिच्यातूनही जाई. मराठीत 'वर्मी घाव' म्हणा. गंमत बघा, संस्कृतात वर्म म्हणजे चिलखत आणि मराठीत वर्म म्हणजे नाजूक जागा!

उत्तर : पऱ्हाटीवाला, आर्णी
फट कायले राहते ते मले इचारा. फवारताना हातमोजे घातले तरी मोजा आन् बाही यायच्या मधात बोटभर जागा राहते. पऱ्हाटी डोक्याएवढी झाली का हात वर करा लागते, आन् औषध वघळत तिथूनच आत शिरते. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तवापासून मी पोराले बजावतो: हात वर करून फवारायचं असन तर मोजा बाहीच्या वरून घाल. त्या पोरीले हेच सांगा सर, तिच्या घरीबी पंप असनच.

अभ्यासिकावाला
सांगितलं. तिचे वडील आज फवारणीलाच गेले होते, ती लगेच घराकडं पळाली. परत आली ते नवा प्रश्न घेऊनच: कड्यांच्या चिलखताला 'मेल' म्हणतात आणि टपालालाही 'मेल', हे एक का दोन?

शिक्षिका, पुसद
दोनच. चिलखताचा 'मेल' जाळीच्या विणीवरून आला, मूळ लॅटिन. टपालाचा 'मेल' म्हणजे जुन्या फ्रेंचमधली थैली. पत्रं थैलीतून जात म्हणून.